टेबलावर कुणी बोलत नसे

लहान मुलाचं वाढणं साऱ्या घराला दिसतं. दात येतो, चपला आखूड होतात, आवाज फुटतो. पन्नाशीतल्या माणसाचं वाढणं मात्र कुणाला दिसत नाही. त्याला नवे दात येत नाहीत, असलेले हलायला लागतात. आणि त्याचा स्वभाव बदलला तर लोक म्हणतात, तब्येत बिघडली असेल. आमच्या साहेबांबद्दल सगळं ऑफिस हेच म्हणत होतं. मी तसं म्हणत नव्हते. पण मी काय म्हणत होते तेही कुणाला कळलं नाही, कारण मी ते फक्त जिन्यावर म्हणत होते.

रायपूर तेव्हा नुकतंच नव्या राज्याची राजधानी झालं होतं. आमचं ऑफिस शहराच्या पाण्याचं. त्याआधी ते एक साधं, झोपाळू ठिकाण होतं: खाली भांडार, मधे एक अंधारा जिना, वर साहेबांची खोली आणि तिच्याबाहेर आम्ही. राज्य झालं आणि मंत्री आले, सचिव आले, त्यांचे बंगले आले, बंगल्यांसमोर हिरवळ आली, आणि त्या हिरवळीला पाणी द्यायचं आम्ही. रोज नवा आदेश, रोज नवं पद. खुर्च्या भराभर वाढल्या, माणसं तेवढीच राहिली. आमच्या आया वाढत्या अंगाचे कपडे शिवायच्या, तशा वाढत्या अंगाच्या खुर्च्या आम्हाला मिळाल्या. अंग वाढेल अशी सगळ्यांचीच आशा होती. पुष्कळांचं वाढलं नाही, आणि ते तसेच त्या खुर्चीत बुडून रिटायर झाले.

मी तिथे ज्युनिअर इंजिनिअर म्हणून लागले होते आणि राज्य झाल्यावर एक पायरी वर चढले होते. वडील नागपूरकडून रेल्वेत आलेले, आम्ही रेल्वे कॉलनीत वाढलो. साहेब ब्राह्मणपाऱ्यातले. पारा म्हणजे आमच्याकडे मोहल्ला. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या रायपुरात, त्यामुळे त्यांची मराठी मुरंबा मुरावा तशी मुरलेली होती, निम्मी हिंदीत. ऑफिसात ते माझ्याशी हिंदीत बोलायचे आणि ‘आप’ म्हणायचे. जिन्यावर भेटले की मराठीत बोलायचे आणि ‘तू’ म्हणायचे. हे आमचं कधी ठरलं नव्हतं. दोन्हीकडे सवय झाली होती. वर मी मॅडम होते, जिन्यावर पोट्टी.

उन्हाळ्यात रोज सकाळी साहेबांच्या टेबलाभोवती बैठक व्हायची. टेबलावर मोठी काच आणि काचेखाली शहराचा नकाशा, त्यावर पाण्याच्या लाइनी लाल-निळ्या शाईनं काढलेल्या. साहेब बोट ठेवायचे आणि सांगायचे: टँकर आधी इकडे, मग तिकडे. या टाकीचा व्हॉल्व्ह सहाला उघडायचा, त्या टाकीचा आठला. आम्ही लिहून घ्यायचो. सदर बाजारातून स्कूटर काढत येतानाच त्यांना कळलेलं असायचं की आज कुणाच्या नळाला पाणी आलं नाही. त्यांचं चुकायचंच नाही, तर आम्ही बोलायचं कशाला? आवाजही असा, की खालचा भांडारवाला जागच्या जागी उभा राहायचा. कुणी मधे तोंड घातलंच तर ते चष्म्यावरून बघायचे. तेवढं पुरायचं.

आणि खरं सांगायचं तर मला ते फार सोयीचं होतं. दिवसभर मान डोलवायची आणि संध्याकाळी डोकं रिकामं करून घरी जायचं. माझा सगळा ताठा मी घरासाठी राखून ठेवलेला. घरी मी बोलायला लागले की नवरा पेपर उंच धरायचा. मुलगी तेव्हा शाळेत होती, तिला मराठी सगळी कळायची, पण उत्तर हिंदीतच. एकदा म्हणाली, “मम्मी, ऑफिस में भी आप ऐसे ही सबको डाँटती हो क्या?” मी म्हटलं, “तिथं मले पगार मिळते.” नवरा पेपराआड हसला. तो का हसला ते मला कळलं, आणि राग आला.

मग एका उन्हाळ्यात साहेबांच्या छातीत दुखायला लागलं. त्यांना नागपूरला नेलं, तिथे ऑपरेशन झालं. ते नसताना एक मोठी लाइन फुटली. काय करायचं ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. फुटलेल्या लाइनीचा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि दुसऱ्या टाकीतून जुन्या वस्तीला पाणी वळवायचं. पहिलं काम झालं. दुसरं कुणी करेना. आजपर्यंत एका टाकीचं पाणी दुसरीकडे वळवायचं ते साहेबांच्या तोंडूनच वळलं होतं. आम्ही नागपूरला फोन लावत बसलो. साहेब आयसीयूत, घरचे फोन देईनात. वरच्या ऑफिसातल्या मोठ्या साहेबांना विचारावं, तर आमचे साहेब परत आल्यावर काय म्हणतील ही धास्ती. दोन दिवस जुन्या वस्तीत पाण्याचा थेंब नाही. बायका गुंड-बादल्या घेऊन, गुंड म्हणजे आमच्याकडे पाण्याची कळशी, ऑफिसच्या दारात. आम्ही त्यांना सांगत होतो, साहेब येईपर्यंत थांबा. निष्ठा म्हणून सांगत होतो, हे विशेष. शेवटी लाइनच दुरुस्त झाली आणि आमची सुटका झाली.

साहेब परतले ते निम्मे होऊन. बुशशर्टात दोन माणसं मावतील असे. पहिल्या दिवशी सगळे त्यांच्याभोवती उभे राहिले आणि राज्याच्या वाटणीत भोपाळहून आलेले एक इंजिनिअर, त्यांना आम्ही सगळे भैया म्हणायचो, ते अभिमानानं म्हणाले, “साहब, आपके बिना तो यहाँ एक वॉल्व भी नहीं खुला.” त्यांनी ते हार घालावा तसं म्हटलं. आम्ही सगळे हसलो. साहेब हसले नाहीत. त्यांनी विचारलं, “किसी ने भी नहीं खोला?” भैया म्हणाले, “आपके पूछे बिना कैसे खोलते, साहब?” साहेब काचेवर हात ठेवून बराच वेळ नकाशाकडे बघत राहिले. इतकी वर्षं त्यांना हेच ऐकायचं होतं असं आम्हाला वाटत होतं. बहुतेक त्यांनाही तसंच वाटत आलं होतं.

दुसऱ्या सकाळी बैठक भरली. आम्ही वह्या उघडल्या. साहेब म्हणाले, “आज आप लोग बताइए. क्या करें?”

कुणी बोललं नाही. साहेबांनी एकेकाकडे बघितलं. भैया म्हणाले, “जैसा आप कहें, साहब.” मग सगळे म्हणाले, जैसा आप कहें. मीही म्हणाले. साहेब वाट बघत बसले, आणि मग उशीर व्हायला लागला तसं त्यांनी नेहमीसारखं सांगून टाकलं. पण तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच, चौथ्या दिवशी तेच. रोज सकाळी तो प्रश्न, आणि आम्ही मूग गिळून बसलेलो.

ऑफिसात तर्कांना ऊत आला. आमच्याकडे वरच्या माणसानं खालच्याला प्रश्न विचारला, की त्याचा एकच अर्थ होता: पुढे हेच लेखी विचारलं जाणार. त्यामुळे आधी सगळ्यांना वाटलं, त्या दोन दिवसांची चौकशी लागली आहे आणि साहेब कुणाला तरी पुढे करणार आहेत. चौकशी आली नाही. मग वाटलं, कुणाची तरी बदली करायची असेल. तीही झाली नाही. मग एकमत झालं, की ऑपरेशनचा परिणाम आहे. “बड़े ऑपरेशन के बाद आदमी ढीला पड़ जाता है,” भैया म्हणाले, आणि ते वाईट मनानं म्हणाले नव्हते. त्यांच्या काकांचं असंच झालं होतं म्हणे.

शेवटी सगळे माझ्याकडे आले. “दीदी, साहब के मन में क्या है? आप तो मराठी में पूछ सकती हो.” मला मोठेपणा वाटला. मी जिन्यावर त्यांना गाठलं. डॉक्टरांनी एका दमात चढू नका म्हणून सांगितलं होतं, तेव्हा ते मधल्या वळणावर कठड्याला टेकून थांबायचे.

“साहेब, तुमच्या मनात काय आहे ते एकदा सांगून टाका,” मी म्हटलं. “पोट्टे घाबरून राहिले.”

“मनात काय असते?” ते म्हणाले. “मले खरंच माहीत नाही, म्हणून विचारून राहिलो.”

“तुमाले माहीत नाही असं होतेच कसं?”

“होते ना. आधीही होत होतं. आधी मी दाबून सांगत होतो.” ते थोडा वेळ दम घेत राहिले. मग म्हणाले, “दवाखान्यात पडल्यापडल्या मले वाटलं, मी मेलो तर गावाले पाणी कोण देईल? आधी बरं वाटलं, सांगतो तुले. मग लाज वाटली. आता एकच काम राहिलं माझं. रिटायर व्हायच्या आधी त्या टेबलावर एका माणसानं तरी मले नाही म्हटलं पाहिजे. तोंडावर. ज्यानं म्हटलं, त्याच्या हाती ऑफिस देऊन मी घरी जाईन.”

मी वर गेले आणि सगळ्यांना सांगितलं, साहेबांना खरंच माहीत नाही. कुणाचा विश्वास बसला नाही. भैया म्हणाले, “दीदी से भी छुपा रहे हैं, मतलब बात बड़ी है.”

माझा विश्वास बसला होता. मला दिसत होतं, हा माणूस या वयात काहीतरी नवीन शिकायला निघाला आहे. ज्या गुणांवर त्याचं आयुष्यभर नाव झालं, तेच तो उतरवून ठेवत होता, आणि ते किती अवघड आहे ते त्याच्या तोंडावर दिसायचं. कुणी टाकीचे आकडे चुकीचे वाचले की त्यांची मान ताठ व्हायची, बोट काचेकडे जायचं, आणि ते बोट ते परत मुठीत घ्यायचे. लहान पोराची सायकल पहिल्यांदा मागून सोडून दिली की ते जसं घाबरतं, तसे साहेब घाबरलेले असायचे. आणि त्यांना धरायला कुणी नव्हतं. आम्हाला पडायचं नव्हतं, म्हणून आम्ही त्यांनाही शिकू देत नव्हतो.

ते ‘नाही’ म्हणणारं माणूस आपण व्हायचं, असं मी मनाशी ठरवलं होतं. रोज रात्री ठरवायचे. गोल बाजारात वांगी घेताना भाजीवालीशी भाव करत मी मनात तालीम करायचे: साहब, मुझे लगता है ऐसा नहीं होना चाहिए. घरी भांडी घासताना तेच वाक्य. सकाळी टेबलाशी बसले की तोंडात मिठाची गुळणी. मला आजही समजत नाही की मी कशाला भीत होते. ते रागावणार नाहीत हे मला साऱ्यांपेक्षा जास्त माहीत होतं. मी भीत होते ते कदाचित असं, की ते म्हणतील, ठीक है, आप जैसा कह रही हैं वैसा करते हैं. आणि मग पाणी आलं नाही तर ते माझ्यामुळे आलं नाही असं होईल.

मग साहेबांनी एक डाव टाकला. एका सकाळी त्यांनी नकाशावर बोट ठेवलं आणि मुद्दाम चुकीचं बोलले. म्हणाले, जुन्या वस्तीचा पुरवठा सकाळी नको, दुपारी करू. दुपारी त्या टाकीत पाणीच नसतं, हे आमच्या चपराशालाही ठाऊक होतं. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात विनवणी होती, हे मी शपथेवर सांगेन. मी वहीत तारीख टाकली, खाली रेघ मारली. भैया म्हणाले, “बिल्कुल साहब, दोपहर ही ठीक रहेगा.” आणि मग सगळ्यांनी त्यांची री ओढली.

साहेबांचा बेत, त्यांनी मला पुढे सांगितला तो, असा होता की दुसऱ्या सकाळच्या बैठकीत हसून सांगायचं, ही परीक्षा होती. पण आमच्याकडे त्यांचा शब्द खाली पडू द्यायची पद्धत नव्हती. बैठक सुटताच भैयांनी फोन फिरवले, व्हॉल्व्हवाल्यांना निरोप गेले, साहेब जेवून येईपर्यंत वेळ बदललेली होती. त्यांना कळलं ते दुसऱ्या दिवशी, पुन्हा त्याच बायका गुंड-बादल्या घेऊन दारात आल्या तेव्हा. साहेब खाली उतरले आणि त्यांच्यासमोर हात जोडून म्हणाले, “गलती मेरी है.” एका म्हातारीनं त्यांना अस्सल छत्तीसगढीत झापलं, आणि ते “हव दाई, हव दाई”, म्हणजे हो माय, हो माय, म्हणत ऐकून घेत होते. मी वरच्या खिडकीतून बघत होते. त्यांना त्या दिवशी तोंडावर बोलणारं माणूस मिळालं, पण ते आमच्या पगारपत्रकावरचं नव्हतं.

संध्याकाळी जिन्यावर मी म्हटलं, “साहेब, ते काल चुकीचं होतं. दुपारी त्या टाकीत पाणी नसते.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “हे तू आत्ता सांगून राहिली. काल काहून नाही सांगितलं?”

“काल तुम्ही मले ‘आप’ म्हणत होते,” मी म्हटलं. उत्तर म्हणून ते मला फारच हुशार वाटलं होतं. त्यांना ते तसं वाटलं नसावं. ते कठडा धरून खाली उतरत गेले, आणि एकदाही वळून बघितलं नाही.

त्यानंतर वरूनही बोलणी बसायला लागली. नव्या राज्यात सगळ्यांना घाई होती. एखाद्या बंगल्यावरून फोन आला की उत्तर लगेच हवं असायचं, आणि आमचे साहेब म्हणायचे, “साथियों से पूछकर बताता हूँ.” साथी म्हणजे आम्ही, माना खाली घालून बसलेले. मोठ्या साहेबांच्या खोलीत त्यांचं नाव निघालं की लोक हसायचे, असं कानावर यायचं. ज्या पदावर त्यांनी जायचं, त्यावर दुसरं कुणीतरी गेलं. ऑफिसातल्या पोरांना वाईट वाटलं, पण ते आजारपणाचं वाटतं तसं. पूर्वी कसले तडफदार होते, असं म्हणत ते चहा पीत. मला त्यांच्या डोक्यात बशी घालावीशी वाटायची. घातली नाही, हे सांगायला नकोच.

मी मात्र जिन्यावर शिकत गेले. हे मला मान्य करायलाच हवं. ते मला विचारायचे, आज तिथे काय केलं असतं तू? मी सांगायचे. का, म्हणून ते विचारायचे. माझं चुकलं असेल तर सांगायचे नाहीत, आणखी एक प्रश्न विचारायचे, की माझं मलाच दिसायचं. शहर माझ्या डोक्यात उलगडत गेलं. कुठली टाकी कधी भरते, कुठे लोक खोटी तक्रार करतात, कुठे खरी तक्रारही करत नाहीत. त्या अंधाऱ्या वळणावर मी हळूहळू इंजिनिअर झाले. वर गेले की पुन्हा कारकून.

रिटायरमेंटला थोडे दिवस राहिले असताना एका दुपारी त्यांनी मला खोलीत बोलावलं. बसायला सांगितलं. आणि पहिल्यांदाच, त्या टेबलाशी, ते मराठीत बोलले.

“नवा माणूस येईपर्यंत प्रभार कोणाले तरी द्यावा लागेल. मी तुझं नाव पाठवून राहिलो. वर बोलून ठेवलं आहे, ते माझं एवढं ऐकतील.”

मी खुर्चीच्या कडेवर सरकले. “माझं काहून, साहेब? भैया आहेत ना. ते सीनियर आहेत.”

“तुले हे शहर समजते म्हणून. टेबलावर बोलणारं माणूस मिळेल म्हणून मी थांबलो होतो. नाही मिळालं. तू जिन्यावर तरी बोलते. खुर्चीत बसशील तर इथंही बोलशील.”

आणि मी म्हटलं, “नाही साहेब.”

मी ते चांगलं खणखणीत म्हटलं. घरी म्हणते तसं. कारणंही भराभर दिली, आणि त्यातलं एकही खोटं नव्हतं. भैयांना डावललं तर ते दुखावतील. पोरं माझं ऐकणार नाहीत. मुलीचं दहावीचं वर्ष आहे. बाई म्हणून बंगल्यांवरचे लोक फोनवर कसे बोलतील कोण जाणे. सासूबाईंचे गुडघे. सासूबाईंचे गुडघेसुद्धा मी काढले.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “विचार करून म्हणून राहिली?”

“हव, साहेब.”

ते जरासे हसले. आनंदाचं हसणं नव्हतं ते, पण कडूही नव्हतं. म्हणाले, “इतक्या दिवसांत या टेबलावर मले कोणी नाही म्हटलं नव्हतं. आता म्हटलं आहे तर मले मानलंच पाहिजे ना.” समोरचा कागद त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकला, दुसरा घेतला आणि त्यावर भैयांचं नाव लिहिलं.

भैयांनी ऑफिस चांगलं चालवलं. त्यांना नावं ठेवायला जागा नाही. ते बोट ठेवायचे, आम्ही लिहायचो, पाणी यायचं. पहिल्या दिवशी त्यांनी टेबलावर हात आपटून हुकूम सोडले आणि खोलीभर सगळ्यांचे खांदे सैल झाले. मलाही बरं वाटलं. पुढे मलाही खुर्ची मिळाली, वयानं, जशी सगळ्यांना मिळते. मी सगळ्यांना विचारून बघितलं, क्या करें, आप लोग बताइए. “जैसा आप कहें, मॅडम.” मी फार वेळ वाट बघितली नाही. माझ्यात तेवढा दम नव्हता आणि मला राग लवकर येतो. मी बोट ठेवलं आणि सांगून टाकलं. एक बरी, कडक अधिकारी म्हणून रिटायर झाले. निरोपाच्या समारंभात सगळे माझ्या आवाजाबद्दल बोलले.

साहेब आता नाहीत. रिटायर झाल्यावर त्यांच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या घरी मी दिवाळीला जायचे. ऑफिसचा विषय ते काढायचे नाहीत, मीही नाही. मुलीचं विचारायचे. एकदाच, मी निघताना चपला घालत होते तेव्हा, म्हणाले, “पोट्टी, तुले जमलं असतं.” मी म्हटलं, हव. दुसरं काय म्हणणार?

पण मला जे टोचतं ते वेगळंच आहे. पूर्वीचे साहेब असते तर त्यांनी माझं काही ऐकलं नसतं. चष्म्यावरून बघितलं असतं, आवाज चढवला असता, “बकवास बंद, कल से चार्ज लीजिए” म्हणून कागद माझ्यापुढे ढकलला असता. मी जिन्यात रडले असते, घरी भांडी आपटली असती, आणि दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं खुर्चीत बसले असते. मग चुकले असते, आणि मग शिकले असते. मला अजून ढकलणारं माणूस लागत होतं, आणि साहेब ढकलायचं सोडून कधीचे पुढे निघून गेले होते. त्यांनी स्वतःला इतक्या कष्टानं जे शिकवलं, त्याचा पहिला उपयोग मी केला तो त्या खुर्चीतून सुटायला.

त्या दुपारी त्यांनी भैयांचं नाव लिहून कागद बाजूला ठेवला, तरी मी लगेच उठले नाही. खुर्चीच्या कडेवर बसून राहिले. आता तरी ते रागावतील या आशेनं मी थांबले होते. ते रागावले नाहीत. त्यांनी दोघांसाठी चहा सांगितला, आणि आम्ही तो प्यायलो.